पावातला तळलेला मासा: रवा कशानं सुटतो, पाव कशानं भिजतो

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात घरच्या घरी कोळंबी किंवा सुरमई तळून पावात घालून खायची आहे, अमेरिकेतल्या 'पो-बॉय' सँडविचसारखी. दोन-तीनदा करून पाहिलं. रवा तेलातच सुटला, मासा आतून कोरडा झाला आणि ताटात येईपर्यंत पाव गच्च ओला. चुकतं कुठं?

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. माशाच्या अंगचं पाणी, मसाला वाटताना घातलेलं पाणी, कोबी-टोमॅटोला सुटणारं पाणी आणि तळून काढल्यावरही माशातून निघत राहणारी वाफ. मसाला कुठला, सॉस कुठला, हे प्रश्न नंतरचे. पाणी आवरता आलं की साधी मीठ-हळद लावलेली सुरमईसुद्धा पावात झकास लागते.

मूळ पदार्थ न्यू ऑर्लिन्सचा. 1929 साली तिथं ट्राम कामगारांचा संप झाला. बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन हे दोघे भाऊ, पूर्वी स्वतः ट्रामवर काम केलेले, तेव्हा खाण्याचं दुकान चालवत होते. संपकऱ्यांना ते फुकट सँडविच देत, आणि 'पुअर बॉय' वरून 'पो-बॉय' हे नाव आलं असं सांगतात. त्यात लांबट फ्रेंच पाव असतो, वरचा पापुद्रा पातळ नि कुरकुरीत, आतला भाग कापसासारखा. मक्याच्या जाडसर पिठात घोळवून तळलेली कालवं किंवा कोळंबी, सॅलडची पानं, टोमॅटो, काकडीचं लोणचं आणि मेयोनेज. आपल्याकडचा रवा फ्राय आणि गोव्यातल्या गाड्यांवरचा कटलेट-पाव यांना जोडून पाहिलं तर हा प्रकार आपल्याला काही परका नाही. त्यांच्याकडून घ्यायच्या गोष्टी दोनच: मक्याचं कोटिंग आणि हलका, कोरडा पाव.

आता मासा. बेळगावला समुद्र नाही. मासळी येते ती गोव्याहून, वेंगुर्ला-मालवणकडून आंबोली चढून, किंवा कारवारकडून, सगळी बर्फात. म्हणजे मासा बंदरावर उतरल्यापासून तुमच्या पिशवीत पडेपर्यंत बरेच तास गेलेले असतात. कॅम्पातल्या फिश मार्केटला सकाळी लवकर जा. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उचलल्यावर लाल, अंगावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. कोळंबीचं डोकं काळपट पडलेलं किंवा अंगापासून लोंबणारं असेल तर सोडून द्या. घरून एक डबा न्या आणि मासेवाल्या मावशींकडून मूठभर बर्फ मागून घ्या. बांगडा, सुरमई यांसारखे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते तळल्यानं जात नाही, आणि खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर गांधी उठणं असे त्रास होतात. तेव्हा मासे घेऊन भाजी मंडईत तासभर फिरू नका. मासे सगळ्यात शेवटी घ्या.

पावासाठी मासा निवडताना पहिली अट काट्याची. ताटात आपण काटा बाजूला काढतो, पावात तोंड घातल्यावर ते जमत नाही. म्हणून सुरमईच्या नेहमीच्या गोल तुकड्या इथं कामाच्या नाहीत. मधल्या भागाचा 700 ग्रॅमचा अख्खा गोळा मागा आणि त्याच्या तुकड्या पाडू नका म्हणून सांगा. घरी आणल्यावर धारदार सुरीनं मधल्या काट्याच्या दोन्ही अंगांनी मांस उतरवायचं, की दोन फळ्या मिळतात. प्रत्येक फळीच्या मधोमध काळपट लाल पट्टी दिसते. बारीक काटे तिथंच असतात आणि उग्र वासही तिचाच. तिच्या दोन्ही बाजूंनी चीर देऊन ती पट्टी काढून टाका. आता चार लांब, बिनकाट्याच्या पट्ट्या उरतात. साल काढायची असेल तर शेपटीकडून सुरी आडवी धरून सरकवायची. त्यांचे दोन सेंटिमीटर जाडीचे, बोटाएवढे तुकडे करा. 700 ग्रॅमच्या गोळ्यातून सगळं जाऊन 400 ग्रॅमच्या आसपास हाती लागतं, आणि तेवढ्यात चार पाव नीट भरतात. उरलेल्या काट्याची, पट्टीची आमटी होते, टाकू नका.

बांगडा स्वस्त आणि चवीला उत्तम, पण काटा काढायला वेळ लागतो आणि तेल त्याच्या अंगातच भरपूर, त्यामुळे पावात जड होतो. मुडदुशी मिळाली तर घ्याच, काटा सरळ निघतो आणि मांस गोडसर. पापलेट पावात घालणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करण्यासारखं आहे, ते तव्यावरच बरं. बोंबील घाट चढून येईपर्यंत मऊ पडतो. अगदी ताजा मिळालाच तर मधून चिरून, मीठ लावून, दोन पाटांमध्ये वजनाखाली तासभर दाबून पाणी काढल्याशिवाय तळू नका. माकुलाच्या एक सेंटिमीटरच्या चकत्या छान होतात, पण तेलात सव्वा ते दीड मिनिट, त्यापुढे रबर. कालवं मूळ पो-बॉयमधली असली तरी समुद्रापासून इतक्या लांब, सोलून पिशवीत भरून आलेली कालवं कधीची आहेत हे कळायला मार्ग नसतो, म्हणून ती इथं टाळलेली बरी.

कोळंबी मध्यम घ्या, किलोला तीस-चाळीस बसतील अशी. 700 ग्रॅम अख्खी घेतली तर सोलून निम्मी उरते. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा. मग एक छोटं काम, जे बहुतेक जण करत नाहीत: कोळंबी उलटी करून पोटाच्या बाजूला आडव्या तीन बारीक चिरा द्या, पार आरपार नव्हे. पालथी पाटावर ठेवून पाठीवर बोटांनी हलकं दाबा. आतल्या शिरा तुटल्याचं बोटाला बारीक 'टक' जाणवतं. अशी कोळंबी तेलात गोल वळत नाही, सरळ राहते आणि पावात ओळीनं बसते. नाहीतर वळलेल्या कोळंब्या पहिल्याच घासाला मागून घरंगळतात. ती करकरीत हवी असेल तर 350 ग्रॅम सोललेल्या कोळंबीला अर्धा चहाचा चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग धुऊन अगदी कोरडी करा. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून पाव चमच्यावर जाऊ नका.

पावसाळ्याचं वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. या काळात बाजारात दिसणारी सुरमई बहुतेक शीतगृहातली. त्यापेक्षा चांगल्या कंपनीची गोठवलेली कोळंबी घ्या आणि आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवून वितळवा. घाईनं गरम पाण्यात टाकली की पाणी धरते आणि मग तळताना तेल उडतं. नाहीतर गोडं पाणी आहेच: हिडकल किंवा नविलुतीर्थाच्या जलाशयाकडून येणारी मरळ. मरळीत बारीक काटे फारच कमी, मांस घट्ट, पावासाठी ती उत्तम. चिलापीही चालते, फक्त चिखलाचा वास जाण्यासाठी अर्धा तास ताकात बुडवून, मग धुऊन पुसून घ्या. रोहू आणि कटला मात्र नको. त्यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे सगळीकडे विखुरलेले असतात, कितीही नीट कापलं तरी निघत नाहीत.

मसाला लावण्याचा क्रम बदला, अर्धी तक्रार तिथंच मिटेल. बहुतेक घरांत मीठ, तिखट, हळद, आलं-लसणाचं वाटण, लिंबू असं सगळं एकदम लावून मासा तासभर ठेवतात. मीठ माशातलं पाणी ओढून बाहेर आणतं, वाटणातलं पाणी त्यात मिसळतं, आणि रवा लावायच्या वेळी मासा अक्षरशः रश्शात पोहत असतो. त्यावर रवा लावला की चिखल होतो, तो तेलात गेला की खालचं पाणी वाफ होऊन वरचा थर उचलून टाकतं. रवा सुटतो तो असा.

त्याऐवजी 400 ग्रॅम माशाला आधी फक्त सपाट एक चहाचा चमचा मीठ चोळा आणि तिरप्या ताटात पंधरा मिनिटं ठेवा. पाणी खालच्या कडेला जमतं, ते ओता आणि स्वच्छ सुती कापडानं एकेक तुकडा दाबून पुसा. मग मसाला: पाव चमचा हळद, एक चमचा ब्याडगी तिखट, अर्धा चमचा संकेश्वरी तिखट, एक चमचा लसूण आणि अर्ध्या लिंबाचा रस. ब्याडगीचा रंग आणि संकेश्वरीचा ठसका, दोघी मिळून काम करतात. नुसती संकेश्वरी घातली तर माशाची चव मागे पडते. हुक्केरी-संकेश्वरकडच्या मंडळींना हे पटणार नाही, त्यांनी आपलं प्रमाण आपण ठरवावं. लसूण मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवू नका, खलबत्त्यात कोरडीच ठेचा आणि अगदी बारीक करा, कारण मोठा तुकडा तेलात काळा होऊन कडू लागतो. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ वापरणार असाल तर एक चमचा पुरे, आणि सुरुवातीचं मीठ निम्मं करा, आगळ खारटच असतं. आंबट लागल्यावर मासा वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. आंबटानं मांस बाहेरून शिजल्यासारखं पांढरं पडतं आणि तळल्यावर तेच कोरडं, खरखरीत लागतं. तुमच्या कोरड्या माशाचं एक कारण हे असू शकतं, दुसरं पुढं येतंच.

मालवणी मसाला घालायचा असेल तर याच टप्प्यात, कोटिंगखाली. वरच्या रव्यात मसाला मिसळला की तो तेलात थेट जळतो, तेल काळं करतो आणि दुसऱ्या खेपेपासून सगळं कडवट.

कोटिंगला तीन ताटं लागतात. पहिल्यात कोरडं तांदळाचं पीठ, तीन पोह्याचे चमचे. दुसऱ्यात एक अंडं, एक चमचा पाणी घालून फेटलेलं. अंडं नको असेल तर दाट ताक अर्धी वाटी, किंवा तीन चमचे तांदळाचं पीठ पाण्यात कालवून सरबरीत. तिसऱ्यात 100 ग्रॅम मक्याचा रवा, 40 ग्रॅम तांदळाचं पीठ आणि अर्धा चमचा मीठ. तुकडा पहिल्या पिठात घोळवून चांगला झटका, मग अंड्यात, मग रव्यात दाबून. एक हात कोरडा, एक ओला ठेवलात तर बोटांना पिठाच्या टोप्या बसणार नाहीत. सगळ्या तुकड्यांना लावून झालं की ताटात एकमेकांना न चिकटता दहा मिनिटं ठेवा. त्या दहा मिनिटांत पीठ ओल शोषून चिकट होतं आणि रव्याला धरून ठेवतं. लावला की लगेच तेलात सोडला तर तो पकडायच्या आधीच गळतो. अर्ध्या तासापेक्षा जास्तही नको, थर पार ओला होतो.

इथं एका गल्लतीबद्दल बोलायलाच हवं. मक्याचा रवा म्हणजे कॉर्नफ्लोअर नव्हे. दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ती पांढरी, टाल्कम पावडरसारखी गोष्ट मक्याचा नुसता स्टार्च असते. तिचा एखादा चमचा रव्यात मिसळला तर कुरकुरीतपणा वाढतो, पण सगळं कोटिंग तिचंच केलं तर काचेसारखं कडक आणि पांढरंफटक होतं, चवही काही नाही. आपल्याला हवा पिवळ्या मक्याचा रवाळ दळलेला भाग. बेळगाव जिल्ह्यात मका भरपूर पिकतो, तेव्हा दुकानात शोधत बसण्यापेक्षा किलोभर वाळलेला मका गिरणीत नेऊन 'रवाळ दळा' म्हणून सांगा. आधी दळलेली थोडी जोंधळ्याची पिठी त्यात येते, बिघडत नाही. घरी चाळून घ्या. चाळणीतून खाली पडलेलं पीठ भाकरीला ठेवा, वर राहिलेल्यातला उपम्याच्या रव्याएवढा भाग घ्या, त्याहून जाड कण्या काढून टाका. त्या दोन-तीन मिनिटांच्या तळणीत शिजत नाहीत आणि दाताखाली खड्यासारख्या येतात. एवढा खटाटोप नको असेल तर आपला चिरोटी रवा आहेच. त्याचा थर पातळ आणि नाजूक होतो, मक्याचा जाड आणि खमंग. ताटात वाढायला चिरोटी चांगला, पावात घालायला मका. मऊ पावात तो कुरकुर आवाज टिकायला हवा, आणि पातळ थर तिथं लगेच हार मानतो.

जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की डब्यातला रवाही सर्द होतो. तो मंद आचेवर कोरडाच तीन-चार मिनिटं भाजून, पूर्ण गार करून वापरा.

तेल रिफाइंड शेंगतेल किंवा सूर्यफूल. घाण्याचं शेंगतेल चवीला सरस, पण लवकर धुरकटतं, त्यामुळे तव्यावरच्या रवा फ्रायला ते ठेवा. जाड बुडाच्या कढईत पाच सेंटिमीटर खोल तेल आणि वर तेवढीच जागा रिकामी. साधारण लिटरभर तेल लागतं. तापमान 175 ते 180 अंश. तळणीचा थर्मामीटर नसेल तर पावाचा लहान चौकोन टाकून पाहा: मिनिटभरात सोनेरी झाला तर तेल तयार, पंधरा-वीस सेकंदांत काळपटला तर फार तापलंय, नुसता बुडबुडत पांढराच राहिला तर थांबा. मासा फ्रीजमधून थेट तेलात टाकू नका. दहा मिनिटं कोटिंगसह बाहेर असतो, तेवढं पुरे.

एका खेपेला लिटरभर तेलात सहा-सात तुकडे, पाव किलोच्या वर कधीच नाही. जास्त टाकले की तेल 150 च्या खाली येतं. गरम तेलात माशातलं पाणी जोरात वाफ होऊन बाहेर पडतं, तीच वाफ तेलाला बाहेर थोपवून धरते आणि थर घट्ट होतो. तेल थंड पडलं की वाफेचा जोर कमी होतो, थर मऊ राहतो, तुम्ही तो कुरकुरीत व्हायची वाट पाहत मासा आणखी दोन मिनिटं ठेवता आणि आतला रस निघून जातो. कोरड्या माशाचं दुसरं आणि मोठं कारण हेच. थर सोनेरी व्हायला पाच मिनिटं लागत असतील तर दोष तेलाच्या तापमानाचा आहे.

तुकडा सोडल्यावर पहिलं मिनिट झाऱ्या लावायचा नाही. थर अजून ओला असतो, हात लावला की उखडतो. दोन सेंटिमीटर जाडीच्या सुरमईला तीन ते साडेतीन मिनिटं, मध्यम कोळंबीला दोन. आवाज ऐका: सुरुवातीचा तडतडाट कमी होऊन बारीक चुरचुर राहिली आणि बुडबुडे लहान झाले की काढायची वेळ. एक तुकडा मोडून पाहा. मांस पांढरं, पदर सुटणारं पण ओलसर असेल तर बरोबर. मधोमध काचेसारखं दिसलं तर अर्धा मिनिट आणखी.

काढताना झाऱ्यात धरून दोनदा झटका, आणि जाळीवर ठेवा. गंमत अशी की तळणीतलं तेल बरंचसं मुरतं ते मासा बाहेर काढल्यानंतर. आतली वाफ थंड होते आणि वर लागलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून पहिल्या काही सेकंदांतला तो झटका महत्त्वाचा. वर्तमानपत्रावर ठेवू नका, शाई लागतेच, शिवाय खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. जाळी नसेल तर मोठी स्टीलची चाळणी उपडी ठेवून तिच्यावर. वर झाकण अजिबात नको. पाहुणे यायचे आहेत म्हणून तळलेले तुकडे डब्यात झाकून ठेवले तर आतापर्यंतची सगळी मेहनत दोन मिनिटांत वाया.

तव्यावर करायचं असेल तर तुकडे दीड सेंटिमीटरचे घ्या, चार-पाच चमचे तेल, मध्यम आच, प्रत्येक बाजूला अडीच मिनिटं आणि उलटायचं एकदाच.

पावाकडे वळू. बेळगावात बेकऱ्यांची काही कमी नाही, पण पो-बॉयसारखा पाव हवा तर लादी पाव दुसरी पसंती. तो मऊ असतो, चारी बाजूंनी पापुद्रा नसतो, त्यामुळे ओल लगेच धरतो. कडक पाव किंवा गोव्याकडचा उंडा मिळाला तर तो घ्या. लांबट बन मिळतात ते गोड असतात, साखरेमुळे तव्यावर लवकर काळे होतात, आणि माशाबरोबर तो गोडवा खटकतो. ओळखीची बेकरी असेल तर कडक पावाच्याच कणकेचे हातभर नको, वीतभर लांबीचे पाव करून मागा, बहुतेक जण एका खेपेत आठ-दहा करून देतात. पाव सकाळचा असेल तर संध्याकाळी वापरा. भट्टीतून नुकताच निघालेला गरम पाव खायला छान, पण त्यात स्वतःचीच वाफ भरलेली असते आणि चिरताना चेपतो.

वडापावसारखा एका बाजूनं चिरा, दुसरी कड जोडलेली राहू द्या. वरच्या भागातला थोडा गाभा बोटांनी काढून टाका. त्यानं माशाला जागा होते आणि प्रत्येक घासात नुसता पाव येत नाही. चिरलेल्या दोन्ही बाजूंना काठापर्यंत लोणी लावून मध्यम तव्यावर मिनिटभर दाबून भाजा, बदामी रंग येईपर्यंत. लोणी इथं चवीपेक्षा जास्त काम करतं: स्निग्धाचा थर आणि भाजलेला पापुद्रा मिळून सॉसचं पाणी काही मिनिटं तरी आत शिरू देत नाहीत. काठाला लोणी लागलं नाही तर पाव तिथूनच भिजायला सुरुवात होते.

सॉसमध्ये मेयोनेज तर हवंच, पण नुसतं मेयोनेज तेलकट माशावर जड होतं. 250 ग्रॅम दही फडक्यात दोन-तीन तास टांगून चक्का काढा. 100 ग्रॅमच्या आसपास निघतो. त्यात दोन पोह्याचे चमचे मेयोनेज, एक ठेचलेली लसूण पाकळी, चिमूट साखर, एक चमचा कैरीच्या लोणच्याची फोड बारीक चिरून खारासकट, आणि फेसलेली मोहरी. अमेरिकेतल्या सॉसमध्ये तयार मस्टर्ड असतं. आपल्याकडे मोहरी फेसायची कला आहे, ती वापरा. एक चमचा मोहरी खलबत्त्यात कुटा, एक चमचा साधं पाणी घालून घोटा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा, झणका नाकात जायला लागेल. लिंबू किंवा दही या दहा मिनिटांनंतरच. आधी घातलं तर आंबटामुळे मोहरी चढतच नाही. सॉस चमचा उपडा केला तरी न पडण्याइतका घट्ट हवा. मासे आणि दूधदही एकत्र न खाणाऱ्या घरांत चक्क्याऐवजी ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू यांची चटणी पाणी न घालता वाटून घ्या आणि मेयोनेजमध्ये कालवा, तीही तितकीच चांगली लागते.

कोबी 150 ग्रॅम, केसासारखा बारीक चिरून, पाव चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं, मग मुठीत घट्ट पिळून. किती पाणी निघतं ते एकदा वाटीत पिळून पाहा, नाहीतर ते सगळं पावात गेलं असतं. कांदा पातळ चिरून लिंबात. टोमॅटो घालायचाच तर बियांचा गर काढून, चकत्या फडक्यावर टिपून. काकडी नको.

भरण्याचा क्रम: खाली थेट मासा, कारण खालच्या पावावर वजन पडतं आणि तिथं ओल सगळ्यात आधी दिसते. त्यावर कोबी आणि कांदा. सॉस फक्त वरच्या पावाला. जाळीवरून काढलेला मासा दीड-दोन मिनिटं वाफ जाऊ देऊन मगच भरा, आणि भरल्यावर पाच मिनिटांत खा. चौघांचं एकदम करून टेबलावर मांडण्यापेक्षा तळणारा एक आणि भरणारा एक, असे दोघे उभे राहिलात तर प्रत्येकाला बरोबर मिळतं. वेळेचं गणित सोपं आहे: दही सकाळीच टांगा. मासा साफ केल्यावर मीठ लावताना कोबीलाही मीठ लावा, मसाला मुरतोय तोवर सॉस करा, कोटिंग विसावतंय तोवर तेल तापवा आणि पाव भाजा.

डब्यात द्यायचं असेल तर भरून देऊ नका. मासा पूर्ण गार करून कागदात सैल गुंडाळून, पाव वेगळा, कोबी-सॉस वेगळ्या डबीत, आणि चार तासांच्या आत खायचं.

घरात कुणाला कोळंबी सोसत नसेल तर त्याच्यासाठी सुरमई आधी तळा आणि कोळंबी नंतर. त्याच तेलात उलट क्रमानं तळलं तर ॲलर्जी असलेल्याला तेवढंही बाधू शकतं.

उरलेलं तेल गार झाल्यावर बारीक फडक्यातून गाळा. तळाचा जळका रवा राहिला तर तेल दोन दिवसांत खवट होतं. गाळून, बाटलीवर 'मासे' असं लिहून फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवड्याभरात आणखी एकदा मासेच तळायला चालतं, पुऱ्यांना नाही. तापवताना फेस धरायला लागलं किंवा रंग चहासारखा झाला की ते संपलं. मोरीत ओतू नका, जुन्या कागदात किंवा भुश्श्यात जिरवून कचऱ्यात टाका. आणि तळलेले तुकडे उरलेच तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. कोरड्या जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता प्रत्येक बाजूला तीन मिनिटं ठेवले की थर बराचसा परत येतो.